ट्यूबवर खरी खूण हवी

गेल्या महिन्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या संपवून आम्ही सात-आठ जण बाकावर टेकलो होतो. कुणीतरी मोबाईल पुढे केला. टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेपटीचा फोटो होता आणि तिथल्या छोट्या रंगीत चौकोनाभोवती गोल काढलेला. हिरवा चौकोन म्हणजे पूर्ण नैसर्गिक, निळा म्हणजे नैसर्गिक आणि औषधी, लाल म्हणजे नैसर्गिक आणि केमिकल, काळा म्हणजे सगळेच केमिकल, असा खाली मजकूर. बघता बघता दोन तट पडले. 'आमच्या आजोबांनी कडुनिंबाच्या काडीवर नव्वदी गाठली' म्हणणारे एकीकडे, 'तुम्ही अजून राखुंडीच्या काळातच आहात' म्हणणारे दुसरीकडे. अर्ध्या तासात परदेशी कंपन्या, आयुर्वेद, देशाभिमान, कॅन्सर असे सगळे विषय येऊन गेले. दात किडतात कशाने, हे कुणीच विचारले नाही. दुपारी तोच फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिथेही तेच भांडण, त्याच शब्दांत झाले.

चौकोनाचा निकाल लगेच लागतो. ट्यूब भरणाऱ्या यंत्राला ती कुठल्या बाजूने वळवायची आणि कुठे कापायची हे कळावे, म्हणून छापलेली ती खूण असते. यंत्रातला संवेदक ती ओळखतो. मागच्या रंगावर उठून दिसेल असा कुठलाही रंग तिथे चालतो. बिस्किटाच्या पुड्याच्या कडेला पाहा, तिथेही अशीच खूण सापडेल. मी नाशिकच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. अशा फोटोंचा मला आता राग येत नाही, कारण त्यामागे एक खरी गरज दिसते. माणसाला दुकानात उभे राहून चटकन कळायला हवे आहे की ही पेस्ट घ्यावी की नाही. ती गरज रास्त आहे. खोटी खूण पसरते, कारण खरी खूण डोळ्यांना दिसेल अशी कुणी छापतच नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. 'आयुर्वेदिक की केमिकल' हा प्रश्नच चुकीचा आहे. कीड रोखण्यापुरते बोलायचे तर पेस्टमध्ये पाहण्यासारखी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे पुरेसे फ्लोराइड. ते असेल तर दुकानातली सगळ्यात स्वस्त पेस्टही चांगली. ते नसेल तर बाकी कितीही जडीबुटी असली तरी या एका कामात ती पेस्ट कमी पडते. आणि ही माहिती ट्यूबवर दर्शनी भागात, मोठ्या अक्षरांत आणणे हे सरकारचे काम आहे. ते गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या नंबरावर सोडून देता येणार नाही.

फ्लोराइडच का? दाताचे वरचे कवच कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचे असते. आपण गोड किंवा मैद्याचे काही खाल्ले की दातावरच्या चिकट थरातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच तिथला पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा (तो जितका कमी तितके आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली उतरतो आणि कवचातली खनिजे विरघळू लागतात. मग अर्धा-पाऊण तास लाळ ते आम्ल निवळवत राहते आणि खनिजे दाताला परत देते. ही देवघेव दिवसभर चालू असते. तीन वेळा जेवणाऱ्याच्या तोंडात लाळेला उसंत मिळते. दर तासाला चहा-बिस्किट घेणाऱ्याच्या तोंडात ती मिळत नाही, आणि तोटा साचत साचत एक दिवस जिभेला खड्डा लागतो. फ्लोराइड या देवघेवीत दाताची बाजू घेते. परत येणारी खनिजे लवकर बसवते, आणि त्याच्या संगतीत जो स्फटिक तयार होतो तो अधिक चिवट असतो. त्याला विरघळवायला पीएच साडेचारच्या आसपास उतरावा लागतो. कडुनिंब, बाभूळ, लवंग यांचे गुण मी नाकारत नाही. हिरड्यांना आणि तोंडाच्या स्वच्छतेला त्यांचा उपयोग होतो, आणि लवंगेच्या तेलातला युजेनॉल तर दंतवैद्य रोज वापरतात. पण विरघळू लागलेले कवच पुन्हा भरून काढण्याच्या कामात फ्लोराइडइतका भक्कम पुरावा त्यांच्या बाजूने नाही.

पुराव्याबद्दलही मोजूनमापून बोलले पाहिजे. २००३ मध्ये वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ७० चाचण्यांमधल्या ४२ हजारांवर मुलांची आकडेवारी एकत्र मांडली. फ्लोराइडच्या पेस्टने कायमच्या दातांतली कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाली, असे तिच्यातून निघाले. २४ टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पेस्ट लावून दिवसभर चॉकलेट चघळा, असा त्याचा अर्थ होत नाही. पण रोजच्या खर्चात एक पैसाही न वाढवता चौथा हिस्सा कीड टळत असेल, तर ते सोडून का द्यायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. आपण जिला साबण-शाम्पूच्या फळीवर शोधतो, ती वस्तू त्या यादीत आहे हे त्या बाकावर कुणाला ठाऊक नव्हते.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेते. 'फ्लोराइड विषारी आहे' हे वाक्य हवेतून आलेले नाही. आपल्याच महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात तपकिरी झाले आहेत, मोठ्यांचे सांधे आखडले आहेत. भारतात या रोगाची पहिली नोंद १९३७ मध्ये त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून झाली. ज्याने असा वाकलेला माणूस पाहिला आहे, त्याला 'फ्लोराइड चांगले' म्हणणे सोपे नाही, आणि त्याची भीती हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला संताप येतो. मजा म्हणजे फ्लोराइडचा उपयोगही याच रोगामुळे कळला. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ पासून तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहिले. डाग होते, पण त्याच दातांत कीड मात्र फारशी नव्हती. कारण सापडायला १९३१ उजाडले: पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड. पुढचा सगळा शोध एकाच प्रश्नाचा होता, किती प्रमाणात ते तारते आणि किती प्रमाणात मारते? 'अति सर्वत्र वर्जयेत्' हे आपण उठताबसता म्हणतो, आणि नेमके इथे 'किती' हा शब्दच विसरतो.

म्हणून वही-पेन घेऊन हिशेब करू. पेस्टमधले फ्लोराइड पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे मोजतात. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ब्रशवर पाव मिलिग्रॅम. त्यातलाही बहुतेक भाग आपण थुंकून टाकतो. आता ज्या गावच्या हातपंपाच्या पाण्यात लिटरला तीन मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, तिथल्या शेतमजुराचे पाहा. उन्हाळ्यात तो चार लिटर पाणी पितो. म्हणजे रोज बारा मिलिग्रॅम, सगळे पोटात, वर्षानुवर्षे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरला एक मिलिग्रॅम सांगते आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत सूट देते. त्या गावांना स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे, त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण त्या गावाचे दुःख दाखवून नाशिक शहरातल्या आईला फ्लोराइडची पेस्ट टाकून द्यायला सांगणे हा न्याय कुठला? शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी येते. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात खडकातल्या खोल पाण्यापेक्षा फ्लोराइड सहसा कमीच असते. नव्या वस्त्यांत ज्यांचे पिणे बोअरवर आहे, त्यांनी पाणी तपासून घ्यावे. आकडा जास्त निघाला तर मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारावे. हे सगळे मोजता येते.

एक गोष्ट या मुद्द्यात पूर्ण मान्य करायला हवी. लहान मुले पेस्ट गिळतात. सहा वर्षांच्या आत सतत जास्त पेस्ट पोटात गेली तर पुढे येणाऱ्या दातांवर पांढरे ठिपके उमटू शकतात. उपाय सोपा आहे. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि ब्रशवर ती मोठ्या माणसाने लावून द्यायची. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी नागमोडी पट्टी दाखवतात, ती मुलांसाठी नाही आणि मोठ्यांसाठीही नाही. ती ट्यूब लवकर संपवण्यासाठी आहे.

दुसरा मुद्दा आजोबांच्या काडीचा. त्यातही तथ्य आहे. बोटाएवढी जाड हिरवी काडी घेऊन माणूस ओट्यावर बसायचा, तिचे टोक चावून मऊ करायचा आणि दहा-पंधरा मिनिटे एकेक दात घासायचा. आज आपण किती वेळ ब्रश करतो? घड्याळ लावून पाहा, एक मिनिटही भरत नाही. काडीने जे साधायचे त्याचा बराच भाग त्या निवांत घासण्यात होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दंतपवनाचे, म्हणजे दात घासायच्या काडीचे, वर्णन फार नेमके आहे. बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, टोक मऊ, चव तुरट-तिखट-कडू, आणि हिरड्यांना इजा न करता घासायचे. शिवाय कधी? सकाळी आणि जेवल्यानंतर. 'आयुर्वेदिक पेस्ट' म्हणून छातीशी धरणाऱ्यांपैकी किती जण जेवणानंतर दात घासतात? आयुर्वेदाचा मान राखायचा तर त्याच्या नावाच्या वेष्टनाला नमस्कार करून भागणार नाही. त्याने सांगितलेली शिस्त पाळावी लागेल, आणि ती शिस्त फ्लोराइडच्या पेस्टनेही पाळता येते.

पण आजोबांचे दात फक्त काडीने टिकले का? त्यांच्या ताटात भाकरी होती. साखर सणावाराला, गूळ बेताचा, आणि दोन जेवणांच्या मध्ये खायला शेंगा-फुटाणे. स्वीडनमध्ये १९४५ ते १९५३ या काळात व्हिपेहोल्म या संस्थेत गोड आणि कीड यांच्या संबंधावर प्रयोग झाले. मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती नसताना झालेले ते प्रयोग आज कुणीही निषिद्धच मानेल. पण त्यातून जे दिसले ते विसरता येत नाही. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी खाल्लेली चिकट टॉफी दातांची कितीतरी अधिक नासाडी करते. आज शाळेच्या डब्यात क्रीमचे बिस्किट आहे, घरी आल्यावर चॉकलेट घातलेले दूध आहे. आजोबांची काडी आजच्या नातवाच्या तोंडात घातली तर तिला आजोबांच्या काळचे काम जमणार नाही, कारण समोरचा शत्रू बदलला आहे. आणि आजोबांच्याच पिढीत पन्नाशीत कवळी लावलेले किंवा पार बोळके झालेले किती होते, तेही आठवायला हवे. टिकलेले दात आठवणीत राहतात, पडलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

'जुने ते सोने, नैसर्गिक ते निर्धोक' हे कुणी म्हटले की मला माझी आजी आठवते. ती सिन्नरकडची. चुलीवर लोखंडी तवा ठेवून ती तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची. घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरे खोकत अंगणात पळायचो. मग ती चुरून पितळी डबीत भरायची. सकाळी ओट्यावर बसून उजव्या हाताच्या तर्जनीने ती मिश्री दातांवर, हिरड्यांवर अर्धा अर्धा तास फिरवायची. त्या बोटाचे पेर कायम तपकिरी असे. 'मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही बाई,' म्हणायची. पासष्टीत तिच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी डबी मागवली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "आजी, ही तंबाखू आहे." आजी चिडली. "तंबाखू मी जन्मात खाल्ली नाही. ही मिश्री आहे." ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी ते दात घासण्याचे साधन होते, आईकडून आलेले, शेतात उगवलेले, घरच्या तव्यावर भाजलेले. यापेक्षा अधिक देशी, अधिक नैसर्गिक काय असते?

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ही डबी होती आणि काही घरांत आजही आहे. बाजारात तर तंबाखू घातलेली दंतमंजने आणि पेस्ट राजरोस विकल्या जायच्या. केंद्र सरकारने १९९२ मध्ये त्यांवर बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या उत्पादकांकडेही परंपरेचा आधार होता, पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक होते. त्या वेळी 'परंपरागत आहे' हे उत्तर पुरेसे मानले असते तर आज आपल्या बायका-मुलांच्या हातात काय असते? उगम कुठला, यावरून वस्तू चांगली-वाईट ठरत नाही. ती तोंडात गेल्यावर काय करते, यावर ठरते. हा नियम तंबाखूला लावला, तोच कडुनिंबाला लावू, तोच फ्लोराइडला लावू.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा. 'फ्लोराइडचा प्रचार कंपन्यांच्या फायद्याचा आहे.' कंपन्यांवर माझाही भरवसा नाही. ज्या कोळशाला आणि मिठाला वर्षानुवर्षे गावंढळ ठरवले, तोच कोळसा आणि तेच मीठ आज चमकदार खोक्यात घालून दुप्पट भावाने विकतात, हे आपण सगळे पाहतो आहोत. म्हणूनच त्या आठवड्यात मी रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. "बाई, काय पाहिजे?" म्हणाला. मी म्हटले, "आज घ्यायचं काही नाही, वाचायचंय." त्याने फळीवरून नऊ ट्यूब काढून काचेवर मांडल्या. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लवंग, कडुनिंब, मीठ, कोळसा, बर्फासारखा ताजेपणा, मोत्यासारखे दात. फ्लोराइडचा आकडा शोधायला ट्यूब उलटी करावी लागली, आणि शेवटी मोबाईलचा कॅमेरा लावून अक्षरे मोठी करावी लागली. एका ट्यूबवर तो नेमका मुडपलेल्या कडेत गेला होता. नऊपैकी चारवर फ्लोराइडचा उल्लेखच नव्हता. उरलेल्या पाचांवर १००० पीपीएम किंवा त्याच्या जवळपास, आणि त्या पाचांत नवांतली सगळ्यात स्वस्त ट्यूब होती. फ्लोराइड असलेली आणि नसलेली अशा दोन पेस्ट एकाच कंपनीच्या निघाल्या. म्हणजे कंपनीला दोन्ही बाजूंचे गिऱ्हाईक हवे आहे. या भांडणात कोण जिंकते याचे तिला सोयरसुतक नाही, भांडण चालू राहिले की झाले. 'केमिकल नाही' असा दावा करणाऱ्या एका ट्यूबच्या मागे कॅल्शियम कार्बोनेट, सॉर्बिटॉल, सोडियम लॉरिल सल्फेट अशी सगळी नावे होती, शेजारच्या 'केमिकल' ट्यूबवर होती तीच. "गिऱ्हाईक आकडा विचारतं का रे?" मी विचारले. "नाही बाई. एकच विचारतात, आयुर्वेदिक आहे का."

कंपन्यांवर अविश्वास म्हणून त्यांनी विकलेल्या पदार्थावरही अविश्वास, ही वाट आपण पूर्वी एकदा चाललो आहोत. मिठातल्या आयोडीनचे भांडण आठवा. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांना आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये गलगंड रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९८ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. मग विरोध उसळला: हे मोठ्या कंपन्यांसाठी आहे, गांधीजींच्या मिठावर घाला आहे, छोटे मिठागरवाले मरतील. शेवटचा आक्षेप तर खराच होता, त्यांची काळजी सरकारने घ्यायलाच हवी होती. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली आणि २००५ मध्ये पुन्हा आणली. दरम्यान ज्या बाळांना आईच्या पोटात आयोडीन कमी पडले, त्यांच्यापैकी कुणी या वादात भाग घेतला नव्हता. किडलेल्या दाढेने रात्रभर रडणारे मूलही आपल्या वादात भाग घेत नाही. आणि माझे मागणे तर त्याहून कितीतरी लहान आहे. मी सक्ती मागत नाही, कुणाची पेस्ट बंद करा म्हणत नाही. ज्याला फ्लोराइड नको त्याने खुशाल नसलेली घ्यावी, पण ती तशी आहे हे कळून घ्यावी.

'आधुनिक' म्हणवणाऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. महाग पेस्ट आणली की काम झाले, हा त्यांचा भ्रम मी घरातच पाहिला. माझ्या भाचीची मुलगी पाच वर्षांची. एका रात्री गाल सुजला म्हणून पळापळ झाली. चार दुधाच्या दाढा किडलेल्या, त्यातल्या दोन नसेपर्यंत पोहोचलेल्या. तीन वेळा खुर्चीत बसवावे लागले, प्रत्येक वेळी दोघांनी धरून. भाची रडत म्हणाली, "मावशी, पेस्ट तर मी सगळ्यात महागातली आणत होते गं." मी ट्यूब मागितली. स्ट्रॉबेरीच्या वासाचे मुलांचे जेल, फ्लोराइडचा पत्ता नाही. पण सगळा दोष ट्यूबवर ढकलणे अन्यायाचे होईल. मुलगी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची आणि ब्रश फक्त सकाळी व्हायचा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे रात्रभर ते गोड दूध दातांवर तसेच राहते. 'दुधाचे दात, पडायचेच आहेत' असे घरातली वडीलधारी म्हणत होती. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर चावायचे कशाने?

रात्रीचा ब्रश हाच दोन्हींतला महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपल्याकडे होत नाही. सकाळी दात घासल्याशिवाय चहा न घेणारा माणूस रात्री बासुंदी खाऊन तसाच झोपतो. शिवाय ब्रश झाल्यावर खळखळून चुळा भरायच्या, ही आपली सगळ्यांची सवय. त्याने जे फ्लोराइड दातांवर राहायला हवे तेच वाहून जाते. फेस थुंकून टाकावा आणि तोंड बाहेरून पुसावे, बस्स. दात पांढरे करणाऱ्या आणि कोळशाच्या खरखरीत पेस्टने कवच झिजू शकते, तेव्हा त्यांच्या मागे लागू नये. झिणझिण्यांसाठीच्या पेस्टचा उपयोग होतो, पण तिला काही आठवडे द्यावे लागतात, आणि झिणझिणणारा दात किडलेला नाही ना हे आधी पाहून घ्यावे लागते.

आता सार्वजनिक कामाकडे येते. औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांचे आपले नियम फ्लोराइडच्या पेस्टवर १००० पीपीएमची कमाल मर्यादा घालतात, आणि तो आकडा व मुदतीची तारीख ट्यूबवर व खोक्यावर छापायला लावतात. नियम आहे, पण अक्षर मुंगीएवढे. माझी मागणी अशी: पेस्टचे नाव ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, स्वादाचे नाव जेवढ्या आकारात आहे तेवढ्याच आकारात, मराठी-हिंदीसह वाचता येईल अशा भाषेत 'फ्लोराइड १००० पीपीएम' किंवा 'फ्लोराइड नाही' असे छापावे. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेली बाईही ओळखते. तसेच एक चिन्ह इथेही ठरवावे. लोक रंगाची खूण शोधतच आहेत, तर त्यांना खरी द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ते चांगलेच झाले. सरकारने पेस्टला गरजेची वस्तू मानले, तर तिच्यावर काय लिहायचे हेही गरजेचे मानावे.

आणि हे नाशिकने मागावे, याला कारण आहे. राज्यातली दंत महाविद्यालये ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते १९९८ पासून आपल्या गावात आहे. आश्रमशाळा ज्याच्या अखत्यारीत येतात ते आदिवासी विकास आयुक्तालयही आपल्याच गावात आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. बिस्किटाचा पुडा त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचला आहे, दंतवैद्य पोहोचलेला नाही. जिथे जिथे सरकारी किंवा देणगीच्या पैशांतून मुलांसाठी पेस्ट घेतली जाते, तिथे खरेदीच्या यादीत नुसते 'टूथपेस्ट' न लिहिता पुढे फ्लोराइडचा आकडा लिहावा. त्याला वेगळा निधी लागत नाही.

गेल्या जूनमध्ये पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी दोन दिवस राहिले. सकाळी नळाशी मुलांची रांग. प्रत्येकाच्या ब्रशवर जाहिरातीतल्यासारखी लांब पट्टी. शिक्षक म्हणाले, "महिन्या-सव्वा महिन्यात ट्यूब संपते, मग पोरं नुसत्या पाण्यानं घासतात." रात्री घासायचा तर प्रश्नच नव्हता. वर्गात मी फळ्यावर हिशेब मांडला. पाव ग्रॅम सकाळी, पाव ग्रॅम रात्री, दिवसाचा अर्धा ग्रॅम. शंभर ग्रॅमची ट्यूब किती दिवस पुरेल? सहावीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "दोनशे." स्वयंपाकघरातून मूठभर वाटाणे आणून सगळ्यांना एकेक दिला आणि 'एवढीच' असे सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांचा फोन आला. रात्रीच्या जेवणानंतरची घंटा आता ब्रशसाठी होते, आणि जूनच्या ट्यूब अजून संपलेल्या नाहीत.